मोनोलिथ कॉलम आणि विजेवर चालणारी क्रोमॅटोग्राफी: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवाल्यांपासून औषधनिर्मितीतल्या विश्लेषकांपर्यंत अनेकजण हे प्रश्न विचारतात. उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. एखाद्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दुसरीकडे असेल, तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. सगळीकडे एकच कॉलम डोळ्यांसमोर धरला आहे: पीटर्स, पेट्रो, श्वेत्स आणि फ्रेशे यांनी १९९७ मध्ये बर्कलीहून प्रसिद्ध केलेला मेथाक्रिलेटचा मोनोलिथ, म्हणजे नळीतच तयार केलेला पॉलिमरचा एकसंध सच्छिद्र गाभा. या विषयात हात बसवायला त्याच्यासारखा कॉलम नाही.

१. विजेवर चालणारी क्रोमॅटोग्राफी म्हणजे एचपीएलसीला (पंपाने द्रव ढकलून घटक वेगळे करायच्या नेहमीच्या पद्धतीला) वीज जोडली, एवढंच ना?

अर्धं बरोबर. कॉलममध्ये स्थिर प्रावस्था (घटकांना अडकवणारा घन पदार्थ) असते, मोबाईल फेज (घटकांना पुढे नेणारा द्रव) वाहतो आणि नमुन्यातले घटक कमी-जास्त अडकून वेगळे होतात. इथपर्यंत एचपीएलसीच. फरक इतकाच की द्रव पुढे सरकवायला पंप नसतो. केसाएवढ्या जाडीची पोकळी असलेल्या काचेच्या कॅपिलरीच्या दोन टोकांना १५ ते ३० किलोव्होल्ट लावले की द्रव आपोआप चालू लागतो. नमुन्यातल्या घटकांवर विद्युतभार असेल तर विजेने ते स्वतंत्रपणेही सरकतात, त्यामुळे एकाच नळीत क्रोमॅटोग्राफी आणि इलेक्ट्रोफोरेसिस दोन्ही घडतात. ही देणगी आहे आणि डोकेदुखीही (प्र. १५ पाहा). दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियस आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ही कल्पना क्रोमॅटोग्राफीसाठी मांडली. १९८१ मध्ये जॉर्गेन्सन आणि लुकाच यांनी कण भरलेल्या कॅपिलरीत ती करून दाखवली.

२. पंप नाही, तर द्रव ढकलतं कोण?

घन पृष्ठभागावर ऋणभार असेल तर त्याला चिकटून द्रवात धनभारित आयनांचा पातळ थर जमतो. व्होल्टेज लावलं की हा थर ऋणाग्राकडे सरकतो आणि स्वतःबरोबर सगळा द्रव ओढून नेतो. हाच विद्युत-परासरणी प्रवाह. प्रयोगशाळेत सगळे त्याला ईओएफच म्हणतात. त्याचा वेग विद्युतक्षेत्र, पृष्ठभागाचं झीटा विभव (त्याच्या भारामुळे येणारं) आणि द्रवाचा परावैद्युत स्थिरांक यांच्या प्रमाणात वाढतो आणि द्रवाच्या चिकटपणाने कमी होतो. या यादीत छिद्राचा आकार कुठेच नाही, हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

३. विजेने ढकलण्यात असा काय मोठा फायदा?

पाटातलं पाणी मध्यावर जोरात आणि कडेला सुस्त वाहतं. पंपाने ढकललेला द्रव नळीत तसाच वागतो, आणि रुंद छिद्रातून तर अरुंद छिद्रापेक्षा कितीतरी वेगाने जातो. एकत्र निघालेले रेणू वेगवेगळ्या वेळी पोहोचतात आणि पीक (घटकाचा आलेखावरचा उंचवटा) पसरतं. ईओएफमध्ये हा भेद जवळजवळ नाहीसा होतो, कारण ढकलणारा थर प्रत्येक भिंतीपाशी असतो. रुंद वाट असो की अरुंद, वेग तोच. शिवाय विरोधी दाब नसल्याने बारीक छिद्रं परवडतात. १९९७ च्या त्या कॉलमवर मीटरमागे सुमारे १,२०,००० प्लेट्स (कॉलमच्या कार्यक्षमतेचं माप) मिळाल्या होत्या. तसाच पॉलिमर पंपावर चालवला तर लहान रेणूंसाठी इतकी कार्यक्षमता मिळणं अवघड असतं.

एक मर्यादा आहे. छिद्र इतकं लहान असेल की समोरासमोरच्या भिंतींचे थर एकमेकांत मिसळतील, तर प्रवाह मंदावतो. पाण्यात १ मिलिमोलर बफरला या थराची जाडी साधारण १० नॅनोमीटर असते, १० मिलिमोलरला ३ नॅनोमीटर. आपल्या मोनोलिथची मुख्य छिद्रं काहीशे नॅनोमीटरची असतात, म्हणून त्या बाजूने चिंता नाही.

४. सिलिकाचे कण बाजारात मिळतात. मग पॉलिमर कशाला ओतायचा?

फ्रिटमुळे. कण जागेवर राहावेत म्हणून कॅपिलरीच्या दोन्ही टोकांना फ्रिट (द्रव जाऊ देणारं सच्छिद्र बूच) करावी लागते, आणि ती सहसा तिथलेच सिलिकाचे कण तापवून, एकमेकांना चिकटवून करतात. तापवलेल्या जागी पृष्ठभाग बदलतो, ईओएफ बदलतो, बुडबुडा तिथेच धरतो आणि कॅपिलरी मोडतेही तिथेच. शिवाय ५० ते १०० मायक्रोमीटरच्या पोकळीत कण एकसारखे भरणं हे हस्तकौशल्य आहे, सगळ्यांना जमत नाही. मला कधीच नीट जमलं नाही.

मोनोलिथमध्ये द्रव मिश्रण कॅपिलरीत भरायचं, टोकं बंद करायची आणि तापवायचं. आतल्या आत एकसंध सच्छिद्र गाभा तयार होतो. तो भिंतीला चिकटलेला असतो, म्हणून फ्रिटची गरजच राहत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो: लहान गोळ्यांचे गुच्छ आणि त्यांच्यामधून वाटा.

५. मिश्रणात नेमकं काय काय असतं?

वजनाने साधारण ४० टक्के मोनोमर आणि ६० टक्के छिद्रकारक द्रव. मोनोमरमध्ये तिघे. ब्यूटिल मेथाक्रिलेट कॉलमला जलविरोधी स्वभाव देतं, म्हणजे एचपीएलसीच्या सी-१८ कॉलमवर जे काम १८ कार्बनची साखळी करते ते. इथिलीन डायमेथाक्रिलेट साखळ्या एकमेकींना बांधतं, आणि ते मोनोमरच्या सुमारे ४० टक्के असतं. तिसरं एएमपीएस, सल्फोनिक आम्लाचा गट असलेलं ॲक्रिलामाइड. ते चिमूटभरच लागतं, पण ईओएफ त्याच्यामुळेच.

छिद्रकारक म्हणजे १० टक्के पाणी आणि उरलेलं १-प्रोपेनॉल व १,४-ब्यूटेनडायॉल. तीन द्रव का? एएमपीएस पाण्यात विरघळतं, ब्यूटिल मेथाक्रिलेट पाण्याला जवळ करत नाही. दोघांना एका बाटलीत नांदवायचं, तर मध्ये अल्कोहोल हवंच. आरंभक म्हणून मोनोमरच्या १ टक्का एआयबीएन.

कामाच्या दोन गोष्टी. मेथाक्रिलेटच्या बाटलीत साठवणीसाठी प्रतिरोधक घातलेला असतो, तो ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून काढून टाका. आणि मिश्रणातून १० मिनिटं नायट्रोजन सोडा, कारण ऑक्सिजन पॉलिमरीकरण अडवतो. नायट्रोजनचं पाऊल गाळून केलेल्या दोन कॉलमची तुलना कधीच करू नका.

६. छिद्रांचा आकार माझ्या हातात असतो का?

बऱ्यापैकी. अनारशाला जाळी पडते ती गूळ, पीठ आणि तुपाच्या आचेवर. इथे ती पडते द्रवांच्या प्रमाणावर आणि तापमानावर. साखळी वाढता वाढता एका क्षणी द्रवात विरघळेनाशी होते आणि साका खाली बसावा तशी वेगळी होते. हे लवकर घडलं तर मोठे गोळे आणि मोठी छिद्रं, उशिरा घडलं तर बारीक.

प्रोपेनॉल या पॉलिमरला ब्यूटेनडायॉलपेक्षा जास्त मानवतं. म्हणून प्रोपेनॉल वाढवलं की विभाजन लांबतं आणि छिद्रं लहान होतात. ब्यूटेनडायॉल वाढवलं की उलट. दोन-तीन टक्क्यांचा फरकही जाणवतो, त्यामुळे पिपेटने मापू नका, वजन करा. तापमान वाढवलं तर एकाच वेळी जास्त केंद्रं सुरू होतात आणि छिद्रं बारीक होतात. क्रॉसलिंकर वाढवला तरी बारीकच, पण त्याने पॉलिमरची रचनाही बदलते. म्हणून छिद्रं बदलायची असतील तर प्रमाण द्रवांचं बदला, मोनोमरना हात लावू नका. हा या कॉलमचा सर्वांत उपयोगी गुण आहे: रसायन तेच ठेवून जाळी बदलता येते.

७. ईओएफ कमी पडतो. एएमपीएस दुप्पट करू का?

करा, पण त्यासोबत छिद्रंही बदलतील. एएमपीएस ध्रुवीय आहे. ते वाढलं की मिश्रणाची विद्राव्यता सरकते आणि प्र. ६ मधलं सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं. भार आणि छिद्र या दोन वेगळ्या गोष्टी एकाच बाटलीत ठरतात. नवशिक्यांची निम्मी निराशा यातूनच येते: ईओएफ वाढला, पण प्लेट्स पडल्या, आणि दोष मात्र यंत्राला. एएमपीएस बदललं की प्रोपेनॉल-ब्यूटेनडायॉलचं प्रमाण नव्याने जुळवून छिद्रांचा आकार पूर्वीसारखा आणा, मगच तुलना करा. आणि आधी सोपे उपाय पाहा: व्होल्टेज, ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण, बफरची तीव्रता.

८. भिंतीला आधी काही लावावं लागतं का? वेळ वाचवायचाय.

हे पाऊल वाचवू नका. पॉलिमर तयार होताना आकसतो. भिंतीला पकड नसेल तर कडेने फट पडते आणि द्रव तिथून सटकतो. कधी कधी अख्खा गाभाच सुतासारखा बाहेर येतो. उपाय म्हणजे कॅपिलरी आधी ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने, पाण्याने, ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने, पुन्हा पाण्याने आणि इथेनॉलने धुवायची. मग इथेनॉलमध्ये २० टक्के गॅमा-मॅप्स (काच आणि पॉलिमर जोडणारा सायलेन), ॲसेटिक आम्लाने पीएच ५ ला आणून, तासभर सोडायचं. हा सायलेन एका हाताने काचेला धरतो, दुसऱ्या हाताचं मेथाक्रिलेट पॉलिमरमध्ये गुंफलं जातं. त्याची बाटली पावसाळ्यात उघडी ठेवली तर दमटपणाने खराब होते, हे वेगळं सांगायला नको.

९. भरलेली कॅपिलरी ६० अंशांवर २० तास ठेवावीच लागते का?

उष्णतेने करायचं तर हो. एआयबीएन ६५ अंशांच्या आसपासही दहा तासांत निम्मंच फुटतं. वेळ कापली तर मोनोमर अर्धवट उरतो आणि पुढे आठवडाभर बेसलाइन (डिटेक्टरची मूळ रेषा) सरकत राहते. एकदा रात्री अडीचला वीज गेली आणि वॉटर बाथ पहाटेपर्यंत थंड झाला. वीज परत आल्यावर आम्ही तो तसाच पुढे चालवला. दिसायला कॉलम उत्तम. वापरायला निरुपयोगी. तेव्हापासून वॉटर बाथ यूपीएसवर आहे.

दुसरा मार्ग यूव्हीचा. तो काही मिनिटांत खोलीच्या तापमानाला होतो आणि मास्क लावून हवा तेवढाच भाग घट्ट करता येतो. चिपच्या खाचांमध्ये मोनोलिथ बसवायला म्हणूनच यूव्ही वापरतात. पण नेहमीच्या कॅपिलरीचं तपकिरी पॉलिइमाइड आवरण यूव्ही अडवतं. यूव्ही पार जाऊ देणाऱ्या आवरणाची कॅपिलरी घ्यावी लागते. स्टायरिनसारखे स्वतःच यूव्ही शोषणारे मोनोमर या मार्गाने नीट जमत नाहीत.

१०. कॉलम तयार झाला. पहिल्यांदा यंत्रात लावताना काय करू?

आधी सिरिंज पंपाने ॲसिटोनायट्राइल सोडून उरलेला मोनोमर आणि छिद्रकारक धुवून काढा. द्रव दुसऱ्या टोकाला दिसला नाही तर दाब वाढवत बसू नका, प्र. ६ कडे परत जा. मग मोबाईल फेज भरा, यंत्रात बसवा आणि ५ किलोव्होल्टपासून हळूहळू २५ पर्यंत चढा. प्रत्येक टप्प्यावर करंट स्थिर होऊ द्या.

करंट हाच या पद्धतीचा नाडीचा ठोका आहे. पीक नंतर बघा, आधी करंट बघा. स्थिर असेल तर आत सलग द्रव आहे. थरथरत असेल तर कुठेतरी हवा आहे. चढत चालला असेल तर आतला द्रव तापतोय.

पहिली चाचणी थायोयुरिया, बेंझाल्डिहाइड, बेंझीन, टोल्यूइन आणि इथिलबेंझीनची. थायोयुरिया अडकत नाही, त्यावरून प्रवाहाचा वेग कळतो. बाकीचे जलविरोधी स्वभावाच्या क्रमाने यायला हवेत. क्रम चुकला तर नमुन्यावर नाही, कॉलमवर शंका घ्या.

११. करंट अचानक शून्यावर आला. कॉलम मेला का?

बहुधा नाही. बुडबुडा आला आहे. एक हवेची फट सगळं सर्किट तोडते. व्होल्टेज बंद करा, कॉलम काढून सिरिंज पंपाने मोबाईल फेज सोडा, पुन्हा प्र. १० प्रमाणे हळूहळू चढा. वारंवार होत असेल तर कारणं या क्रमाने शोधा. मोबाईल फेजमधली हवा काढली होती का? व्हायलची (कॅपिलरीचं टोक बुडवलेल्या छोट्या बाटलीची) पातळी खाली गेली का? बफर फार तीव्र आहे का? बफर तीव्र असेल तर करंट वाढतो, आत उष्णता होते आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये बुडबुडे धरतात. फॉस्फेटऐवजी ट्रिससारखा कमी वाहक बफर घेतल्याने पुष्कळदा प्रश्न मिटतो.

दोन्ही व्हायलवर सारखा दाब देण्याची सोय यंत्रात असेल तर ती वापरा. कण भरलेल्या कॉलमना ८-१० बार द्यायची पद्धत होती. मोनोलिथला २ बारही चालतो. दाब दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने प्रवाह बदलत नाही, फक्त बुडबुडे दबून राहतात.

कॉलम खरोखर जातो तो कोरडा पडून. सुट्टीत टोकं उघडी ठेवून गेलात तर गाभा आकसून भिंतीपासून सुटू शकतो. टोकं नेहमी द्रवात बुडवून ठेवा.

१२. डिटेक्शनची खिडकी गाभ्यावरच करता येईल का?

करू नका. पॉलिइमाइड जाळताना आतला पॉलिमरही करपतो, आणि गाभ्यामधून प्रकाश विखुरतो. मिश्रण कॅपिलरीच्या ठरावीक लांबीपर्यंतच भरा, खिडकी गाभा संपतो तिथून लगेच पुढे घ्या. २५ सेंटिमीटर गाभा आणि त्यापुढे साडेआठ सेंटिमीटर मोकळी नळी ही यंत्रांना सोयीची मापं आहेत.

इथे एक खोच आहे. गाभ्यातला ईओएफ सल्फोनिक गटांमुळे असतो, मोकळ्या नळीतला काचेमुळे. दोन्ही वेग जुळत नाहीत, पण द्रव तर तेवढाच वाहणार, म्हणून सांध्यापाशी दाबाचा फरक तयार होतो. प्र. ११ मधला न सापडणारा बुडबुडा बऱ्याचदा याच सांध्यावर असतो.

१३. मोबाईल फेज कोणता घेऊ?

८० भाग ॲसिटोनायट्राइल, २० भाग ५ मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ७. ॲसिटोनायट्राइल पातळ असतं, त्याने प्रवाह वेगवान राहतो. मिथेनॉल-पाणी मिश्रण शुद्ध पाण्यापेक्षाही चिकट होतं. स्वस्त म्हणून ते घेतलंत तर संथ प्रवाहाची तक्रार करू नका.

१४. पीएच २ ला चालेल? सिलिकावर तर ईओएफ मरतो.

चालेल. सिलिकाचा भार सिलॅनॉल गटांमुळे असतो आणि आम्लात ते प्रोटॉन धरून निष्प्रभ होतात. सल्फोनिक आम्ल तीव्र असल्याने पीएच २ लाही भारित राहतं. पॉलिमर अल्कधर्मी बाजूलाही सिलिकासारखा विरघळत नाही. पण मेथाक्रिलेट शेवटी एस्टर आहे, पीएच १२ ला महिनोन्‌महिने ठेवण्याची परीक्षा त्याची घेऊ नये.

१५. आम्लधर्मी घटक नमुन्यात नक्की आहे, पण पीक येतच नाही. आणि के चं (घटक किती अडकतो त्या मापाचं) मूल्य ऋण कसं आलं?

ऋणभारित घटक विजेच्या ओढीने धनाग्राकडे जाऊ पाहतो, ईओएफ त्याला ऋणाग्राकडच्या डिटेक्टरकडे नेतो. घटक लहान आणि चपळ असेल तर ओढाताणीत तोच जिंकतो आणि डिटेक्टरपर्यंत पोहोचतच नाही. पीएच कमी करून त्याचा भार घालवा, किंवा एएमपीएसऐवजी चतुर्थक अमोनियम गटाचा मोनोमर घेऊन धनभारित मोनोलिथ करा. मग ईओएफ उलटा वाहतो, आणि यंत्राची ध्रुवताही उलटी करावी लागते. हे विसरून दोन दिवस सपाट बेसलाइन बघणारे लोक मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

के चा प्रश्न याच मुळातला. धनभारित घटक थायोयुरियाच्याही आधी येऊ शकतो, आणि नेहमीच्या सूत्रात घातलं की के ऋण निघतो. सूत्र भाररहित घटकांसाठी आहे. भारित घटकाच्या वेळेत अडकणं आणि विजेने सरकणं दोन्ही मिसळलेलं असतं. त्या एका आकड्यातून स्थिर प्रावस्थेविषयी निष्कर्ष काढू नका.

१६. बेसिक औषधांच्या पीकला लांब शेपटी येते. का?

ईओएफ देणारा सल्फोनिक गटच अमाइनला आयन-विनिमयाने धरून ठेवतो. ज्याच्यामुळे प्रवाह, त्याच्याचमुळे शेपटी. मोबाईल फेजमध्ये थोडं ट्रायइथिलअमाइन घातल्याने ते गट गुंततात, पण ईओएफही थोडा खाली येतो. बेसिक घटक रोजचेच असतील तर प्र. १५ मधला धनभारित मोनोलिथ बरा. प्रोटीनचंही असंच, किंबहुना वाईट: ते एकाच वेळी अनेक ठिकाणी चिकटतात. पेप्टाइडपर्यंत जमतं, प्रोटीनसाठी पृष्ठभाग मुद्दाम जलस्नेही करावा लागतो.

१७. मास स्पेक्ट्रोमीटरला जोडता येतो का?

येतो. फ्रिट नसल्याने कण सुटून एमिटर (द्रव फवारणारं टोक) तुंबत नाही. फॉस्फेट मात्र सोडा. अमोनियम ॲसिटेट किंवा फॉर्मेट घ्या.

१८. हा कॉलम विकत मिळतो का? नाही तर मग शिकून काय उपयोग?

विजेवर चालणाऱ्या कामासाठी तयार कॉलमची बाजारपेठ कधी उभी राहिली नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या पद्धतीचा मोठा गाजावाजा होता. २००४ च्या सुमारास अतिउच्च दाबाची उपकरणं बाजारात आली आणि बारीक कणांवर पंपानेच भरपूर प्लेट्स मिळू लागल्या. बुडबुड्यांची कटकट सहन करायला मग औषध कंपन्यांकडे कारण उरलं नाही. माझ्या मते निकाल बरोबर होता. रोज शंभर नमुने चालवायचे असतील तर मीही पंपच घेईन.

पण पॉलिमर मोनोलिथ टिकला. त्याच्या रुंद वाटांमधून प्लाझ्मिड डीएनए आणि विषाणूंसारखे मोठे कण सहज जातात, आणि स्लोव्हेनियातल्या बीआयए सेपरेशन्सने त्याच्या चकत्या व नळ्या शुद्धीकरणासाठी बनवल्या. तिथे पंपच असतो, वीज नाही. विजेवर हात बसवायचा असेल तर १०० मायक्रोमीटरची कॅपिलरी, वर सांगितलेल्या रसायनांच्या बाटल्या, एक वॉटर बाथ आणि कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं यंत्र पुरतं. ३० किलोव्होल्टचं यंत्र आहे, झाकणाचा इंटरलॉक कधीही बायपास करू नका. ॲसिटोनायट्राइल ज्वलनशील आहे. एआयबीएन फ्रीजमध्ये ठेवा.